वन्सं, ती मतं माझी नव्हती

वन्सं, तुमच्या शोकसभेत अकरा जण बोलले आणि अकराच्या अकरा जणांनी 'छान' हा शब्द वापरला. विमलबाईंचा स्वभाव छान, विमलबाईंनी मुलींकडून कवायत छान करून घेतली, विमलबाईंना कलेची छान आवड होती. मी पहिल्या रांगेत बसून बोटांवर मोजत होते. तुम्ही असतात तर तिसऱ्याच माणसाला थांबवलं असतंत, "आवं, छान म्हणजे काय ते सांगा, न्हाईतर खाली बसा." ज्याची शोकसभा त्यालाच बोलता येत नाही, हा काय नियम झाला!

शेवटी आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी माइक घेतला. म्हणाल्या, विमलताईंच्या आठवणीसाठी पुढच्या महिन्यात एक कार्यक्रम ठेवायचा. नाटक, गाणं, नाच, काय ठेवायचं ते शालनवहिनी ठरवतील, कारण विमलताई कायम म्हणायच्या, आमच्या भावजयीला नजर आहे. मग टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या, वन्सं! तुम्हाला मजा आली असती.

मी मात्र मान खाली घातली. कारण मला नजर नाही. चाळीस वर्षं तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसले, तुमच्याबरोबर तंबूत, थिएटरात, आखाड्यात, जत्रेत हिंडले, पण तुम्ही ज्याला नजर म्हणत होतात ती चोरी होती. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज रविवार. चार वाजता मंडळाच्या बायका जमणार आणि मी कुठलं नाव सांगते म्हणून माझ्या तोंडाकडं बघणार. त्याआधी तुमच्याशी हे एकदा लिहून मिटवायचंय. राग आला तर येऊ दे.

मी मेढ्याकडची. डोंगरउतारावरचं भाताचं वावर, नाचणी, आणि पावसाळ्यात घरभर ओल्या घोंगड्यांचा वास. लग्न होऊन सांगलीत आले आणि विसाव्या दिवशी रजा संपली म्हणून तुमचे बंधू पलटणीत परत गेले. घरात उरलो आपण दोघी. तुम्ही शाळेत पी.टी.च्या बाई. गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला. लग्न का नाही केलंत, हे मी एकदाच विचारलं. "वेळ कुठं मिळाला गं," म्हणालात, आणि त्याच दिवशी मला स्कूटरवर मागं बसवून दोन शेंड्यांचा नारळ बघायला घेऊन गेलात. खरंच दोन शेंड्यांचा होता. तुम्ही त्याच्याभोवती दोन चकरा मारल्यात, मालकाला हजार प्रश्न विचारलेत, आणि मी उन्हात उभी राहून मनात म्हणत होते, आई, कुठल्या घरात दिलंस मला!

महिन्याभरात तुम्ही विचारलंत, "शालन, तमाशा बघितलायस का?"

मला वाटलं, नव्या सुनेची परीक्षा आहे. मी घाईघाईनं म्हणाले, "न्हाई वो वन्सं! आमच्याकडं बायका जात न्हाईत."

"मग चल," म्हणालात.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी असतो तो हजेरीचा खेळ. तंबूत बाया होत्या, नाही असं नाही, पण सगळ्या मागं, पदर तोंडावर. तुम्ही मला हाताला धरून पुढं नेलंत आणि ढोलकीच्या समोर बसवलंत. पहिली लावणी रंगात आली तशी तुम्ही दोन बोटं तोंडात घातलीत आणि अशी शिट्टी मारलीत की ढोलकीवाल्यानं मान वळवली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. तिथं शाळेच्या दोन पोरींचे बाप बसले होते. ते तुम्हाला बघून मागच्या मागं सटकले. तुम्ही नाही हाललात.

परत येताना स्टँडवर चहा आणि भजी घेतली. तिथंच मला पहिल्यांदा तो प्रश्न आला. "काय दिसलं?"

"छान होतं," मी म्हणाले.

"छान तर उसाचा रस बी असतोय. तुला काय दिसलं ते सांग."

मला काय दिसलं होतं? मला माझे स्वतःचे गुडघे दिसले होते, कारण लाजेनं मी मान वर केलीच नव्हती. पण कान उघडे होते. मागं बसलेली एक म्हातारी तिच्या जावेला सांगत होती, ढोलकीवाला पायाकडं बघत नाही, नाचणारीच्या तोंडाकडं बघून वाजवतोय. मी तेच जसंच्या तसं तुम्हाला दिलं.

तुम्ही कप खाली ठेवलात. माझ्याकडं असं बघितलंत की तसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. "आगं शालन," म्हणालात, "हे मला दिसलं न्हाई. हे तुला दिसलं!" आणि स्वतःचं भजं उचलून माझ्या बशीत ठेवलंत.

आता तुम्हीच सांगा वन्सं, वीस वर्षांच्या पोरीनं काय करायचं? माहेर लांब, नवरा सीमेवर, आणि ज्या बाईचा सगळ्या शाळेला धाक ती आपल्याला शाबासकी देते. मला ती शाबासकी सोडवली नाही. तिथनं जी चोरी सुरू झाली ती चाळीस वर्षं चालली.

मी त्यात पटाईत झाले हो. खेळ सुरू झाला की तुमचे डोळे स्टेजवर आणि माझे कान मागच्या रांगेत. मध्यंतरात तुम्ही चहाला जायचात, मी बाथरूमपुढच्या बायकांच्या रांगेत उभी राहायची, कारण तिथं बायका खरं बोलतात. शेंगदाणेवाला, पडदा ओढणारा, तंबोरा उचलून नेणारा, कुणाकुणाचं मी उचललं नाही! सांगलीच्या त्या संगीत नाटकात राजा राज्य सोडून निघतो आणि ढसाढसा रडतो. बाहेर आल्यावर तुम्ही विचारलंत आणि मी म्हणाले, "राजा रडतोय वन्सं, पण मुकुट सांभाळून रडतोय." तुम्ही रस्त्यात थांबलात. कमरेवर हात ठेवून हसलात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नंतर वीस वर्षं ते वाक्य तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. हेडबाईंना सांगितलंत, दातांच्या डॉक्टरांना तोंड उघडायच्या आधी सांगितलंत, मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगितलंत. "आमच्या शालनची नजर!" वन्सं, ते वाक्य हिरव्या साडीतल्या एका लठ्ठ बाईचं होतं. तिचं नावही मला माहीत नाही. कुठं असेल तिथं सुखात राहो बिचारी.

तुमच्या आवडीला शेंडा ना बुडखा. एकाच ताटात पुरणपोळी, सुकट आणि आईस्क्रीम. नाटकात गाणारा जीव तोडून गात असायचा आणि तुम्ही ऑर्गन वाजवणाऱ्याचे पाय बघायचात. कुस्तीच्या मैदानात जायचात ती हलगी ऐकायला, कोण जिंकलं ते मला घरी येऊन विचारायचात. भरतनाट्यम बघून आलात की आठवडाभर स्वयंपाकघरात भुवया नाचवायचात, शाळेतल्या पोरी घाबरायच्या. सीमेकडच्या एका गावात कानडी नाटक होतं. तुम्हाला कानडी येत नव्हतं, मला तर त्याहून नाही. शेजारच्या गृहस्थांनी मोठ्या मनानं अर्थ सांगायला सुरुवात केली, तर तुम्ही हात जोडलेत. "नगा सांगू. अर्थ कळला की माणूस बघायचं सोडतंय." पुढं तीन तास राक्षसाला टाळ्या वाजवल्यात. तो राक्षस नव्हता, देव होता, हे आपल्याला एस.टी.त कळलं.

आणि त्या नसत्या वस्तू! फलटणच्या प्रदर्शनातला चार शिंगांचा बोकड. उलटं चालणारं घड्याळ, ज्यात वेळ बघायला तुम्ही आरसा धरायचात. तुमचे बंधू रजेवर आले की त्यांनाही ओढून न्यायचात. ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपायचे आणि जागे झाले की म्हणायचे, "फौजेत असलं चालत न्हाई." तुम्ही म्हणायचात, "म्हणून तर तू तिथनं इथं येतोस."

एकदा तुम्ही मेढ्याला माझ्या माहेरी आलात, चार दिवस. पहिल्याच दिवशी तुम्हाला कळलं की माझी आई भात लावताना गाणी म्हणायची. झालं! दुपारी अंगणात आईला बसवलंत आणि म्हणालात, "म्हणा." आई लाजली. मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. नाट्यगृहात बसणारी बाई, हिला माझ्या आईची चिखलातली गाणी कशाला? पण आई म्हणायला लागली आणि थांबेचना. एक कोंबडी सारखी तांदळाच्या सुपाकडं यायची आणि आई गाता गाता पायानं तिला हाकलायची, अगदी ठेक्यावर. कोंबडीही बरोबर ठेक्यावर परत यायची. मला असं हसू फुटलं की मी तोंडात पदर कोंबला.

नंतर ओढ्यावर तुम्ही विचारलंत, "काय दिसलं?" तिथं ना मागची रांग, ना शेंगदाणेवाला. माझ्याकडं द्यायला काहीच नव्हतं. मी म्हणाले, "ऊन लागतंय वन्सं, चला." कोंबडीचं सांगायचं मनातसुद्धा आलं नाही. ती आमची कोंबडी होती, रोजचीच. तुम्ही पदर झटकून उठलात. पण आई गेली त्या वर्षी तुम्ही मला तिच्या त्या दुपारची कॅसेट दिलीत. तेव्हा टेप चालू ठेवला होतात, याचा मला पत्ताही नव्हता. त्यात कोंबडी ऐकू येते, वन्सं. त्याबद्दल तुमचे पाय धरायचे राहिले माझे. आज धरते.

आता हळकुंडांचं.

आपल्या शेजारचे जैन काका हळदीचे व्यापारी. तुम्ही शाळा सुटली की त्यांच्या दुकानात जाऊन हळदीच्या ढिगापुढं उकिडव्या बसायचात आणि एकेक हळकुंड निरखायचात. काका म्हणायचे, "विमलताई, हळद घ्यायची असती, बघायची नसती." तुम्ही म्हणायचात, "तुम्ही घ्या, मी बघतो." हो, रंगात आलात की तुम्ही 'बघतो'च म्हणायचात. वर्षाला एखादं माणसाच्या आकाराचं मिळायचं. वाकून आंघोळ करणारी बाई. डोक्यावर पाटी घेतलेली बाई. शड्डू ठोकणारा पैलवान, त्याला खरंच मांडी होती. असली नऊ-दहा हळकुंडं तुम्ही एका पत्र्याच्या डब्यात कापसावर ठेवली होतीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात.

माझ्या लेकीच्या लग्नात हळद कांडायचा दिवस. पाच सवाष्णी उखळाभोवती बसलेल्या, मुसळाला आंब्याचा डहाळा बांधलेला, ओव्या सुरू. आणि आणलेली हळद निघाली सादळलेली. कांडली तर चिकटायला लागली. बाया म्हणाल्या, शालन, दुसरी बघ लवकर, मुहूर्त टळतोय. मी धावत आत गेले, कपाट उघडलं, डबा दिसला, त्यात वाळलेली, खणखणीत हळकुंडं. मी ती ओंजळीत घेतली आणि उखळात टाकली.

तुम्ही बँडवाल्याला गाठायला गेला होतात. परत आलात ते हसतच. उखळात डोकावलात आणि हसू थांबलं. पैलवानाची एक मांडी तेवढी शिल्लक होती. मी तुमच्या तोंडाकडं बघितलं, मग उखळात बघितलं, आणि काय केलंय ते मला तेव्हा कळलं. मुसळ माझ्या हातातच राहिलं. बाकीच्या बायांना काही कळेना, त्या ओवी म्हणतायत.

आणि तुम्ही ओरडलात, "पैलवान चितपट!" सगळ्या बाया हसल्या. तुम्ही मुसळ माझ्या हातातनं घेतलंत, उरलेली मांडी स्वतः कुटलीत आणि ती हळद घेऊन नवरीच्या गालाला लावलीत. लग्नाची हळद सवाष्णींनी लावायची, तुम्ही कशी लावलीत म्हणून कुणीतरी कुरकुरलं. तुम्ही म्हणालात, "माझी माणसं हायत ती. मी न्हाई लावणार तर कोण?" पोरगी आजही सांगते, माझ्या गालावर आत्याचा पैलवान चढला होता.

मला वाटलं, सुटले.

नंतर मोरीत आपण दोघी पिवळे हात धूत होतो. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "कुटलंस त्याचं काय न्हाई. हळदच ती. पण शालन, हातात घेतलंस तवा तुला दिसलं न्हाई?"

"घाई होती वन्सं."

"बघायला येळ लागत न्हाई गं," म्हणालात. रागानं नाही. रागानं म्हणाला असतात तर बरं झालं असतं. हात पुसून बँडवाल्याला चहा द्यायला गेलात.

त्या लग्नानंतर तीन महिने तुम्ही मला 'काय दिसलं' विचारलं नाहीत. मग पुन्हा विचारायला लागलात, मी पुन्हा चोरून द्यायला लागले, आणि तुम्ही पुन्हा भजं माझ्या बशीत ठेवायला लागलात. पण तेव्हापासून मला रुखरुख आहे. तुम्हाला कळलं होतं का, वन्सं? ज्या बाईला राजाचा मुकुट दिसतो तिला हातातला पैलवान दिसत नाही, हे गणित तुम्ही मांडलं नसेल असं मला वाटत नाही. मग गावभर 'शालनची नजर' का सांगत राहिलात? माझी कीव आली होती का, की खरंच ठाऊक नव्हतं? किती वेळा विचारायचं ठरवलं. गेल्या महिन्यात तुम्ही दवाखान्यातनं घरी आलात, तेव्हा रोज ठरवायची. मग तुम्ही मोबाईलवर कुठल्यातरी देशातल्या बायकांचा छत्र्या घेऊन चाललेला नाच दाखवायचात आणि ते राहून जायचं. आता कोण सांगणार!

तर या अशा बाईवर मंडळानं कार्यक्रम सोपवला. आठ दिवस घरात नुसत्या सूचनांचा पाऊस. एकजण म्हणते लावणी ठेव, त्यांचा जीव होता. एक म्हणते नाट्यसंगीत, शोभून दिसेल. तुमचे बंधू म्हणाले, "देशभक्तीची गाणी ठेव. कुणी काय म्हणत न्हाई." जैन काका काठी टेकत आले, खुर्चीत बसले, म्हणाले, "शालन, विमलताईला आवडंल ते ठेव की, त्यात काय इचार करायचा?" मतांचा एवढा ढीग माझ्यापुढं आयुष्यात पडला नव्हता. कुठलंही उचललं असतं तर खपलं असतं. आणि वन्सं, मला एकही उचलावंसं वाटेना. मीच मला विचारत होते, तुला काय आवडतं गं बाई? साठी उलटली, आता तरी सांग. आतनं उत्तर येत नव्हतं. मला भीती वाटली. वाटलं, चाळीस वर्षं मी तिथं नव्हतेच की काय.

काल शनिवारी साताऱ्याला गेले. एका लावणी संचाची दुपारी शाळेच्या हॉलमध्ये तालीम आहे असं कळलं होतं. पोचले तर तालीम रद्द. ढोलकीवाल्याला ताप. हॉलमध्ये दुसराच खेळ चालू होता, दारात पुठ्ठ्यावर लिहिलेलं, जादूचे प्रयोग. परतीची एस.टी. दोन तासांनी. बाहेर ऊन. मी पंख्यासाठी आत शिरले.

तुमचा जादूवरचा राग मला ठाऊक आहे. "डोळ्यांदेखत फसवून घ्यायला मी कशाला जाऊ? घरी तुझा नवरा हाय की." सर्कशीत जादूगार आला की तुम्ही मुद्दाम उठून हत्ती बघायला मागं जायचात, आणि मीही तुमच्यामागं.

तर हा जादूगार फलटणचा. साखर कारखान्यातनं निवृत्त झालेला, हे त्यानंच सांगितलं. काळा कोट, ढिला झालेला. मदतीला त्याची बायको, माझ्याच वयाची, चमकीची साडी, गुडघेदुखीची चाल. रुमालाचं कबुतर झालं. कबुतर उडून खिडकीत बसलं आणि येईना, तर ही बया माइकजवळच म्हणाली, "आवं, त्याला सकाळी खायला घातलं न्हाई तुमी." सगळा हॉल हसला. माझे कान सवयीनं मागं वळले. पण मागची रांग रिकामी होती आणि शेजारचे आजोबा घोरत होते. मग मी समोर बघायला लागले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

शेवटी त्यानं पेटी आणली. बायकोचा हात धरून तिला आत उतरवलं. तिचा गुडघा वाकेना, तर त्यानं तो हळूच दाबून वाकवला. झाकण लावलं, काठी फिरवली, झाकण उघडलं. पेटी रिकामी. पोरांनी टाळ्या कुटल्या. आणि टाळ्या चालू असताना, वन्सं, त्या म्हाताऱ्यानं पेटीत हात घातला आणि तळाच्या फळीवरनं सावकाश फिरवला. लोकांना दाखवायला नव्हे, लोकांकडं त्याची पाठ होती. मी कडेला बसले होते म्हणून मला दिसलं. ती पेटी त्यानंच केलेली, तसं त्यानं आधी सांगितलं होतं. बायको कुठनं जाते, कुठनं येते, त्याला पक्कं ठाऊक. कारखान्यात होता तेव्हापासून तो हा प्रयोग करतोय. तरी त्यानं चाचपून बघितलं. मग मागच्या दारानं ती आली, साडी सावरत, आणि त्याचा खांदा खाली आला.

मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. गेले पंधरा दिवस मी रोज सकाळी तुमच्या खोलीचं दार उघडते आणि कॉटवरनं हात फिरवते. तुम्ही कुठं गेलात ते मला ठाऊक आहे. मीच तुम्हाला शेवटची आंघोळ घातली. तरी फिरवते.

एस.टी. चुकली. मी दुसऱ्या खेळालाही बसले.

एवढं लिहून सकाळी थांबले होते. आता संध्याकाळचे सात वाजलेत, बैठकीहून आले. मी 'जादूचे प्रयोग' म्हणाले तर बायकांना वाटलं, दुःखानं माझं डोकं फिरलंय. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आवं शालनवहिनी, विमलताईंना जादू आवडत न्हवती. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"न्हवतीच आवडत," मी म्हणाले. "मला आवडली."

"काय आवडलं?"

मी पेटीचं सांगितलं. हाताचं, फळीचं, खांद्याचं सांगितलं. एकही शब्द कुणाकडून घेतलेला नव्हता. मग एकीनं विचारलं, "कबुतर आलं का खाली?" आणि सगळ्या हसल्या आणि ठरलं. तो राजा, तो मुकुट माझा नव्हता, हेही सांगून टाकलं तिथंच. त्या म्हणाल्या, राहू दे हो, आता तुमच्याच नावावर आहे. मी म्हणाले, नको. ते त्या हिरव्या साडीवालीचं. माझ्याकडं आता माझं आहे.

तुम्हाला नाही आवडणार, वन्सं. तुम्ही असतात तर रुमालाचं कबुतर झाल्याबरोबर उठला असतात, माझा दंड धरला असतात, म्हणाला असतात, चल गं शालन, फसवायला लागलाय मेला. आणि मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा हात सोडवून घेतला असता. म्हणाले असते, तुम्ही व्हा पुढं, वन्सं. मला अजून बघायचंय.